'इन्टू डार्कनेस' आणि उसना घेतलेला मृत्यू

जुनी_कक्षा (धागालेखक)

सूचना: पुढे १९८२ आणि २०१३ या दोन्ही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. पाहायचे असतील तर आधी पाहून या, धागा कुठे जात नाही.

गेल्या आठवड्यात 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' पुन्हा पाहिला. २०१३ मध्ये थिएटरमधून बाहेर पडलो तेव्हा बरोबरची मंडळी खूश होती आणि मी गप्प होतो. कुणीतरी विचारलं, काय झालं? मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगता येईल असं वाटतंय, म्हणून हा धागा.

ज्यांनी जुनं काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ मालिका, म्हणजे कप्तान कर्क, त्याचा परग्रहवासी सहकारी स्पॉक आणि त्यांचं अंतराळयान एंटरप्राइझ यांची गोष्ट, अमेरिकेत एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. तीन सीझन, ७९ भाग, आणि बंद. पुढे १९७९ पासून त्याच नटसंचाचे चित्रपट आले. मग २००९ मध्ये जे. जे. एब्रम्सने तरुण नट घेऊन डाव नव्याने मांडला. त्यातली युक्ती मला आजही फार आवडते: भविष्यातून आलेलं एक जहाज कर्कच्या जन्माच्याच दिवशी त्याच्या वडिलांचा जीव घेतं आणि तिथून काळाला वेगळी फांदी फुटते. जुनं सगळं जिथल्या तिथे शाबूत राहतं, आणि नव्यांना वाट्टेल ते करायची मुभा मिळते. ही मुभा नुसती बोलायची नाही हे त्यांनी स्पॉकचा अख्खा ग्रह नष्ट करून दाखवून दिलं. मी त्या चित्रपटावर जीव टाकला होता. जुन्या संचातल्या लिओनार्ड निमॉयचा म्हातारा स्पॉक तरुण स्पॉकसमोर उभा राहतो तेव्हा वाटलं, घराची किल्ली रीतसर पुढच्या पिढीला दिली.

आणि चार वर्षांनी, इतकं मोकळं आकाश हातात असताना, हे कुठे गेले? परत खानकडे, जुन्या खलनायकाकडे. नुसते खानकडे गेले असते तरी चाललं असतं. ते त्या काचेपाशी गेले.

१९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'मध्ये स्पॉक किरणोत्साराने भरलेल्या खोलीत शिरतो, जहाज वाचवतो आणि मरतो. मध्ये काच. पलीकडे स्पॉक, अलीकडे कर्क. २०१३ मध्ये माणसं बदलली: आत कर्क, बाहेर स्पॉक. हातावर हात तसेच, काच तशीच, काही वाक्यंही जवळजवळ तीच. आणि मग स्पॉक आकाशाकडे तोंड करून खानच्या नावाने ओरडतो, जे मूळ चित्रपटात कर्क ओरडला होता, तेही वेगळ्याच प्रसंगात.

१९८२ च्या त्या मृत्यूमागे पंधरा वर्षांची ओळख होती. प्रेक्षकांची आणि त्या दोघांचीही. तो चित्रपट सुरूच होतो 'कोबायाशी मारू' या परीक्षेने, जिंकणं शक्यच नसलेल्या परीक्षेने. कर्कने तरुणपणी ती लबाडीने पार केली होती. आता त्याचं वय झालंय, वाढदिवसाला डॉक्टर मॅककॉयने त्याला चष्मा दिलाय, आणि आयुष्यभर टाळलेला तो पेपर शेवटी त्याच्यासमोर येतो. यावेळी किंमत दुसरा कुणी देतो. काचेचा प्रसंग हे त्या सगळ्याचं उत्तर आहे. २०१३ मध्ये उत्तर तेवढं उतरवून घेतलं, प्रश्न मांडलाच नाही. आणि कर्क मेला कधी आणि उठला कधी, हे कळायच्या आत खानचं रक्त टोचून तो बरा!

तुम्हाला तो प्रसंग लागू पडला का? पडला असेल तर का? खरंच समजून घ्यायचंय.

सांजतारा

शब्दाशब्दाशी सहमत. स्पॉक ओरडला तेव्हा आमच्या थिएटरमध्ये दोनतीन जण हसले होते. ते हसू मला फार लागलं.

पहिलीच_भेट

मी इथे बऱ्याच दिवसांनी लिहितेय. जुनी_कक्षा, लेख आवडला, पण मी दुसऱ्या बाजूला उभी आहे आणि का ते सांगते.

मी पाहिलेला पहिला स्टार ट्रेक हाच. २००९ चाही नंतर पाहिला. मला खान कोण हे माहीत नव्हतं, काच माहीत नव्हती. मी त्या प्रसंगाला रडले होते. नंतर अनेकांनी सांगितलं की ती नक्कल आहे, त्यामुळे आपण चुकीच्या ठिकाणी रडलो की काय असं बरीच वर्षं वाटत राहिलं. तुमचा धागा वाचून मीही काल पुन्हा पाहिला आणि माझं मत बदललं नाही.

तुम्ही म्हणता प्रश्न मांडला नाही. मला वाटतं मांडलाय, पण तो १९८२ चा प्रश्न नाही. खानचा हल्ला होतो त्या रात्री कर्कचा गुरू ॲडमिरल पाइक मरतो, आठवा. स्पॉक धावत येऊन त्याच्या चेहऱ्यावर हात ठेवतो आणि त्याच्या मनाशी मन जोडतो. तेव्हा वाटतं, काय कोरडा माणूस, मरणाऱ्याचीही तपासणी करतोय. मग पुढे क्लिंगॉनांच्या, म्हणजे शत्रू परग्रहवासीयांच्या, ग्रहाकडे जाताना त्या लहानशा यानात त्याची प्रेयसी आणि सहकारी उहुरा त्याच्यावर चिडते, की सुरुवातीला त्या ज्वालामुखीत तू मरायला निघालास तेव्हा तुला काहीच वाटलं नाही. त्यावर स्पॉक सांगतो की मरताना पाइकला काय काय वाटलं ते त्याने स्वतः अनुभवलं: राग, गोंधळ, एकटेपण, भीती. तेच सगळं त्याने आपला ग्रह नष्ट झाला तेव्हाही अनुभवलं होतं. आणि तेव्हाच त्याने ठरवलं की पुन्हा असं काही वाटून घ्यायचं नाही. वाटत नाही असं नाही. उलट फार वाटतं, म्हणून दार बंद.

आता काच. कर्क आत मरतोय आणि तो काय विचारतो? मला भीती वाटतेय, तू हे न वाटणं कसं जमवतोस? आणि स्पॉक म्हणतो की मला माहीत नाही, या क्षणी मला ते जमत नाहीये. यानात बंद केलेलं दार इथे उघडतं. हा धागा याच चित्रपटातला आहे, १९८२ मधून आणलेला नाही. मला कुणी पंधरा वर्षं दिली नव्हती, पण दीड तास दिला होता, आणि तेवढ्यात त्यांनी मला तिथे नेऊन उभं केलं.

रक्ताचं मात्र मान्य. मेलेल्या ट्रिबलला, त्या केसाळ गोळ्यासारख्या प्राण्याला, खानचं रक्त टोचलेलं दाखवतात तेव्हाच पुढचं कळतं.

जुनी_कक्षा

पहिलीच_भेट, पाइकच्या मरणाचा आणि काचेचा हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता. खरं सांगतो, दोनदा पाहूनही नाही. मी काच दिसताच १९८२ मध्ये जाऊन पोहोचलो, आणि पडद्यावर कर्क नेमकं काय विचारतोय ते ऐकलंच नाही. आज रात्री तेवढा भाग पुन्हा पाहणार आहे.

आणि तुम्ही चुकीच्या ठिकाणी मुळीच रडला नाहीत. हे मी आधी म्हणायला हवं होतं.

शून्य_गुरुत्व

माझी तक्रार भावनेची नाही, विज्ञानाची आहे, आणि विज्ञानकथेत ती दुय्यम मानू नये असं मला वाटतं.

पहिल्याच प्रसंगात, निबिरू ग्रहावर, स्पॉक ज्वालामुखीत उतरून एक यंत्र सुरू करतो आणि सगळा लाव्हा गोठतो. यंत्राचं नाव काय, तर 'कोल्ड फ्यूजन'. आता शीत संलयन म्हणजे काही गार करणं नव्हे! अणुकेंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडते ते संलयन. ते व्हायला सूर्याच्या गाभ्यासारखं कोट्यवधी अंशांचं तापमान लागतं. ते साध्या खोलीच्या तापमानाला घडवता आलं तर त्याला शीत संलयन म्हणायचं. २३ मार्च १९८९ ला यूटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या शास्त्रज्ञांनी ते साधल्याचं जाहीर केलं, जगभर खळबळ उडाली, आणि इतरांना तो प्रयोग तसाच करून दाखवता आला नाही. म्हणजे ते यंत्र खरंच चाललं असतं तर ज्वालामुखीत आणखी उष्णता ओतली असती. 'कोल्ड' हा शब्द ऐकून कुणीतरी लिहून टाकलं.

दुसरं, शेवटची पडझड. एंटरप्राइझ चंद्राच्या परिसरात बंद पडतं आणि काही मिनिटांत पृथ्वीच्या वातावरणात येऊन कोसळू लागतं. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तिथे एखादी वस्तू स्थिर धरून सोडली तर पृथ्वीपर्यंत पडायला पाच दिवसांच्या आसपास लागतात. अंतर निम्मं धरलं तरी दीड-दोन दिवस. तेवढ्यात जहाजाचा अभियंता स्कॉटीने सगळं जहाज निवांत दुरुस्त केलं असतं.

तिसरं सगळ्यात गंभीर. खान पृथ्वीवरून उडी मारतो ती थेट क्लिंगॉनांच्या ग्रहावर. माणूस एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे असा क्षणात जाऊ शकत असेल तर जहाजं हवीत कशाला? या सगळ्या विश्वाचा पायाच प्रवास आहे. अंतर आहे म्हणून जहाज आहे, जहाज आहे म्हणून त्यात राहणारी माणसं आहेत, त्यांची भांडणं आणि मैत्री आहे. एका दृश्याच्या सोयीसाठी लेखकांनी अंतरच काढून टाकलं. पहिल्या दोन चुका मी विसरायला तयार आहे, ही नाही.

सांजतारा

शून्य_गुरुत्व, तिसऱ्या मुद्द्याला दहादा +१.

अवांतर, पण तुम्हाला आवडेल: चित्रपटातला जहाजाचा गाभा, म्हणजे त्या काचेच्या प्रसंगाच्या आसपासचा भाग, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत चित्रित केलाय. तिथे खरोखर लेसरने संलयनाचे प्रयोग होतात. २००९ च्या चित्रपटात यंत्रखोलीसाठी बिअरच्या कारखान्यात चित्रण केलं होतं आणि तिथल्या टाक्या-नळ्या पाहून चाहते हिरमुसले होते. या बाबतीत तरी दुसऱ्या भागाने चाहत्यांचं ऐकलं.

शून्य_गुरुत्व

हे माहीत नव्हतं! शीत संलयनाची चूक करणारा चित्रपट संलयनाच्या खऱ्या प्रयोगशाळेत चित्रित झाला. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाला एकदा विचारलं असतं तरी झालं असतं.

पाचवी_नदी

इतके प्रतिसाद झाले आणि खानच्या नावाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मला या चित्रपटात सगळ्यात जास्त हेच टोचतं.

त्याचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. तो पहिल्यांदा दिसला १६ फेब्रुवारी १९६७ च्या 'स्पेस सीड' या भागात. अंतराळात भरकटलेलं जुनं जहाज सापडतं, आत गोठवून झोपवलेली माणसं. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स त्या झोपलेल्या माणसाकडे पाहून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. पुढे ती त्याचं फेटा बांधलेलं चित्रही काढते. तो विसाव्या शतकाच्या शेवटी आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत राज्य केलेला, प्रयोगशाळेत घडवलेला महामानव. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी, चेहऱ्याला गडद रंग लावून. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. नावही आपल्याला विचित्रच वाटतं, खान आणि सिंग एकत्र. पण त्या काळाचा विचार करा. १९६७ मध्ये अमेरिकी टीव्हीवर 'जगातला सर्वांत बुद्धिमान, सर्वांत बलवान, मोहवून टाकणारा माणूस' म्हणून कुणाला तरी दाखवायचं होतं आणि त्यांनी तो भारतीय ठरवला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कथेच्या पहिल्या खर्ड्यात तो भारतीय नव्हताच. तो होता हॅराल्ड एरिक्सन, उत्तर युरोपीय वळणाचा, गोरा. लिहिता लिहिता तो बदलत गेला आणि मोंतालबान आल्यावर खान झाला. म्हणजे १९६७ ने गोऱ्या खलनायकाचा भारतीय केला, आणि २०१३ ने बेनेडिक्ट कंबरबॅच घेऊन त्याला परत गोरा केला. शेहेचाळीस वर्षांत गाडी पुढे जायला हवी होती.

कंबरबॅच उत्तम नट आहे, त्याचा आवाज ऐकत राहावा असा आहे, हे सगळं मान्य. आधी बेनिसिओ डेल टोरोचं नाव घेतलं जात होतं, ते जमलं नाही. तेव्हा एक बचाव ऐकू यायचा की शहरात स्फोट घडवणारा दहशतवादी सावळ्या रंगाचा दाखवला असता तर तेही वाईटच दिसलं असतं. या बचावात तथ्य आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण मग त्याला खान म्हणू नका ना! सुरुवातीला तो ज्या खोट्या नावाने वावरतो ते जॉन हॅरिसन हे नाव होतंच की. त्याला शेवटपर्यंत जॉन हॅरिसन राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? नाव आमचं हवं, चेहरा नको, हे मला पटत नाही. नंतर एका कॉमिक्समध्ये शस्त्रक्रियेने त्याचा चेहरा बदलल्याचं कारण दिलं. ते वाचून मला जास्तच वाईट वाटलं, कारण म्हणजे प्रश्न त्यांनाही दिसत होता.

क्षितिजरेषा

पाचवी_नदी, फार नेमकं लिहिलंत. एक भर घालतो. भारतीय चेहरा या विश्वात अगदीच नव्हता असं नाही. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात इलिया ही मोठी भूमिका पर्सिस खंबाटा यांनी केली होती. मुंबईत जन्मलेल्या, १९६५ च्या मिस इंडिया. भूमिकेसाठी त्यांनी डोक्यावरचे सगळे केस काढले होते. चित्रपट संथ आहे म्हणून लोक नावं ठेवतात, पण त्यांचा तो शांत चेहरा विसरता येत नाही. म्हणजे १९७९ मध्ये जे जमलं ते २०१३ मध्ये अशक्य होतं असं कुणी सांगू नये.

आणि २०२५ मध्ये 'स्टार ट्रेक: खान' ही ऑडिओ मालिका आली, त्यात खानचा आवाज नवीन अँड्र्यूज यांचा आहे. निदान कानांना तरी.

पाचवी_नदी

हो, ऐकलीय! त्याबद्दल स्वतंत्र धागा काढायला हवा.

रात्रपाळी

मला वाटतं निम्मा घोळ लपवाछपवीने झाला. चित्रपट यायच्या आधी वर्षभर विचारत होते, खलनायक खान आहे का? आणि उत्तर यायचं, नाही, तो जॉन हॅरिसन. सगळ्यांना संशय होताच. एब्रम्सने स्वतः नंतर कबूल केलं की आधीच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

पण प्रचारापेक्षा मोठी गोची कथेतच आहे. तो काचेच्या कोठडीत उभा राहून आपलं खरं नाव सांगतो. संगीत थांबतं, चेहरा जवळ येतो. कुणासाठी? समोरच्या कर्कला ते नाव माहीतच नाही! या फांदीत दोघे कधी भेटलेलेच नाहीत. त्याने दुसरं कुठलंही नाव सांगितलं असतं तरी कर्कच्या चेहऱ्यावरची रेष हलली नसती. तो क्षण फक्त खुर्चीत बसलेल्या जुन्या प्रेक्षकासाठी आहे. आणि मग नाव किती भयंकर हे कळावं म्हणून स्पॉकला म्हाताऱ्या स्पॉकला फोन लावावा लागतो, जो आधी म्हणतो की तुमच्या नशिबात मी ढवळाढवळ करणार नाही अशी शपथ घेतलीय, आणि लगेच सांगूनही टाकतो. निमॉयना पुन्हा पाहून आनंद झाला, पण तो प्रसंग पात्रांची गरज नव्हती.

१९८२ मध्ये खान कर्कचा द्वेष करतो कारण कर्कने त्याला ज्या ग्रहावर सोडलं तो उजाड झाला आणि तिथे त्याची बायको मेली. द्वेषाला पत्ता आहे. २०१३ च्या खानचा खरा वैरी ॲडमिरल मार्कस, ज्याने त्याला शस्त्रं बनवायला राबवून घेतलं. कर्क मध्ये सापडलेला.

मूकवाचक

यातूनच मला चांगली बाजू दिसते. मार्कसची गोष्ट हाच खरा चित्रपट होता आणि तो चांगला होता.

पहिला अर्धा भाग आठवा. हल्ला होतो, सूडाची लाट येते, कर्कला हुकूम मिळतो की संशयिताला पकडू नको, दुसऱ्याच्या हद्दीबाहेर उभा राहा आणि लांबून क्षेपणास्त्रं सोडून मारून टाक. ना पुरावा, ना खटला. २०१३ मध्ये अमेरिकेत ड्रोन हल्ल्यांवरून नेमका हाच वाद चालू होता. स्कॉटी म्हणतो, आत काय आहे हे कळल्याशिवाय मी या क्षेपणास्त्रांसाठी सही करणार नाही, आणि राजीनामा देऊन निघून जातो. तो विचारतो की आता आपण सैनिक झालो का, मला वाटलं होतं आपण शोध घ्यायला निघालोय. हा स्टार ट्रेकचा गाभा आहे! आणि कर्क त्या ग्रहाकडे जाताना सगळ्या जहाजाला सांगतो की मारणार नाही, पकडून आणणार. मला वाटतं इतक्या उघडपणे हा प्रश्न विचारणारे मोठ्या बजेटचे चित्रपट त्या वर्षी फार नव्हते. शेवटी ९/११ नंतरच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांना तो अर्पणही केलाय.

वाईट याचं वाटतं की त्या ७२ क्षेपणास्त्रांत खानची गोठवलेली माणसं निघाल्यावर सगळी गोष्ट खानची होते, आणि मार्कसचा प्रश्न एका हाणामारीत संपतो. मग एक अवाढव्य जहाज सॅन फ्रान्सिस्कोवर येऊन आदळतं, इमारती कोसळतात, आणि मेलेल्या हजारोंविषयी जवळजवळ कुणी काही बोलत नाही. पहिल्या अर्ध्याने माणसाच्या जिवाची किंमत विचारली होती. दुसऱ्या अर्ध्याने ती लक्षात ठेवली नाही.

क्षितिजरेषा

मूकवाचक, हा प्रतिसाद वेगळा लेख होईल. लिहाच.

लंडनचा सुरुवातीचा प्रसंगही याच चांगल्या भागातला. आजारी मुलगी, आईवडील, संवाद जवळजवळ नाहीत, नुसता मायकल जियाकिनोचा पियानो. खान येऊन एवढंच म्हणतो की मी तिला वाचवू शकतो. त्या बापाने बदल्यात स्फोट घडवला ते भयंकर आहे, पण चार मिनिटांत आपल्याला कळतं की का केलं. एब्रम्सला शांतपणे गोष्ट सांगता येते याचा तो पुरावा आहे.

वाटाड्या

मंडळी, आकड्यांचंही बोलूया, कारण 'चाहत्यांनी नाकारलेला चित्रपट' असं सरसकट म्हटलं जातं. सुमारे १९ कोटी डॉलर खर्च, जगभरात सुमारे ४६ कोटी ७० लाखांची कमाई. आजवरच्या सगळ्या स्टार ट्रेक चित्रपटांत जागतिक कमाई याचीच सर्वांत जास्त. समीक्षकांनीही बहुतांशी चांगलं म्हटलं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या चाहत्यांच्या मेळाव्यात सगळ्या चित्रपटांची क्रमवारी लावली गेली आणि हा शेवटचा आला. स्कॉटी झालेला सायमन पेग त्यावर चांगलाच भडकला होता.

मला दोन्ही खरे वाटतात. मेळाव्याला जाणाऱ्यांच्या मनात काच होती, बाकीच्यांच्या नव्हती.

प्रेमाचा आणखी एक नमुना: चित्रपट यायच्या आधी इंग्रजी विकिपीडियावर नावातल्या 'इन्टू'चं पहिलं अक्षर मोठं की लहान यावर सुमारे ४० हजार शब्दांची चर्चा झाली होती. आपल्या लिपीत हा प्रश्नच उद्भवत नाही. पण त्या लोकांना हसावंसं मला वाटत नाही. नावात विरामचिन्ह नसल्यामुळे अर्थ खरोखरच त्या अक्षरावर अवलंबून होता.

जुनी_कक्षा

सांगितल्याप्रमाणे तेवढा भाग पुन्हा पाहिला. आधी पाइकचं मरण, मग यानातला उहुराशी संवाद, आणि मग सरळ काच, मधलं काही न पाहता.

पहिलीच_भेट बरोबर आहेत. स्पॉक झालेल्या झॅकरी क्विंटोने ते फार सांभाळून केलंय. यानात बोलताना त्याचा आवाज सपाट आहे, पण उहुराकडे तो पाहत नाही. काचेपाशी तो पाहतो, नजर हटवतच नाही. स्पॉकच्या डोळ्यातून पाणी येतं ते मला २०१३ मध्ये आगाऊपणा वाटला होता. आता वाटलं, या स्पॉकचा ग्रह गेलाय, आई गेलीय. जुन्या स्पॉकचं ते काहीच गेलं नव्हतं त्या वयात. हा वेगळा माणूस आहे आणि त्याला वेगळं रडू यायलाच हवं.

पण म्हणूनच माझी तक्रार आता आणखी पक्की झाली. एवढं स्वतःचं तुमच्याकडे होतं! मग वाक्यं उसनी का घेतली? ती किंकाळी का घेतली? कर्कचा तो प्रश्न, मला भीती वाटतेय, हा जुन्या चित्रपटात कुठेच नाही, आणि सबंध प्रसंगात तोच सर्वांत खरा आहे. जिथे जिथे त्यांनी स्वतःचं लिहिलं तिथे तो प्रसंग उभा आहे, आणि जिथे जुनं चिकटवलं तिथे मी खुर्चीतून बाहेर फेकला जातो. काच नसती, दुसरीच एखादी जागा असती, तर २०१३ मध्येही मी रडलो असतो.

रक्ताबद्दल एक. स्पॉकही परत आला होता हे कुणी म्हणायच्या आत सांगतो. हो, १९८४ च्या चित्रपटात आला. पण प्रेक्षकांना दोन वर्षं थांबावं लागलं, आणि त्याला आणण्यासाठी त्या अख्ख्या चित्रपटात कर्कने आपला मुलगा गमावला आणि एंटरप्राइझ स्वतःच्या हाताने नष्ट केलं. इथे पंधरा मिनिटं आणि एक सुई.

सांजतारा

२०१६ च्या 'स्टार ट्रेक बियाँड'ने हेच केलं ना? जस्टिन लिनने उसनं काही घेतलं नाही, माणसांना जोड्याजोड्यांनी एका अनोळखी ग्रहावर टाकलं आणि बोलू दिलं. स्पॉक आणि मॅककॉय यांचे प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकते. आणि निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ ला गेले होते, तर तरुण स्पॉकला म्हाताऱ्याच्या सामानात जुन्या मंडळींचा फोटो सापडतो. एक फोटो, तोही काही क्षण. जुन्याची आठवण काढायची तर अशी. पण त्याला प्रेक्षक कमी मिळाले.

रात्रपाळी

'बियाँड'साठी वेगळा धागा काढा, मी तिथे मुक्कामाला येतो.

शून्य_गुरुत्व

पहिलीच_भेट, तुम्ही १९८२ चा अजून पाहिला नाही का? पाहिला असेल तर लिहा. नसेल तर आधी 'स्पेस सीड' पाहा, मग तो.

पहिलीच_भेट

नव्हता पाहिला. मुद्दामच टाळत होते, माझा चित्रपट लहान होईल अशी भीती वाटायची. या धाग्यामुळे धीर आला. शनिवारी 'स्पेस सीड' पाहिला, काल रात्री 'द रॅथ ऑफ खान'.

पाचवी_नदी, मोंतालबानना पाहिल्यावर तुमचं म्हणणं पूर्ण कळलं. तो जेवणाच्या टेबलाशी नुसता बसलेला असतो आणि खोलीतले बाकीचे सगळे आपोआप पाहुणे होतात. कंबरबॅच धोकादायक वाटतो. हा राजा वाटतो.

आणि काच. मला वाटलं होतं सगळं ओळखीचं असेल, त्यामुळे काही वाटणार नाही. पण एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. कर्क धावत खाली येतो, हाक मारतो. स्पॉक आत कोपऱ्यात पाठमोरा बसलेला असतो. तो उठतो. आणि वळायच्या आधी गणवेशाचा कोट दोन्ही हातांनी खाली ओढून नीट करतो. मग चालत येतो आणि काचेवर आदळतो, कारण त्याला दिसतच नाहीये.

मी तिथेच थांबवलं. पुन्हा मागे घेतलं. तो कोट ओढण्यापर्यंत तीनदा पाहिलं, मग पुढे जाऊ दिलं.

माझा कर्क अजून माझाच आहे, तो कुठे गेला नाही. पण जुनी_कक्षा, तुम्ही तेव्हा गप्प का होतात ते आता कळलं.

आज १९८४ चा लावतेय. मुलाचं तुम्ही आधीच सांगून टाकलंत, त्याची मात्र तक्रार आहे.

जुनी_कक्षा

सूचनेत १९८४ घालायचा राहिला. माफ करा. जहाजाचंही सांगून बसलोय.